संपादकाच्या हाती नगर

विल्यम लायन मॅकेंझी हा कॅनडातील टोरोंटो शहराचा पहिला महापौर. एप्रिल 1834 मध्ये त्याच्याकडे हे पद आले आणि पुढच्या जानेवारीत मतदारांनी त्याला घरी बसवले. त्याच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण या वर्षावरून भराभर पुढे जातात, कारण या वर्षाच्या अलीकडे त्याच्या वर्तमानपत्राची गाजलेली लढाई आहे आणि पलीकडे 1837 चे सशस्त्र बंड आहे. मला मात्र त्याच्या आयुष्यातील हेच वर्ष सर्वांत मोलाचे वाटते. दहा वर्षे सत्ताधाऱ्यांवर सातत्याने लिहिणाऱ्या माणसाच्या हातात गावाचा कारभार आला, तेव्हा त्याने रस्त्यांचे, कराचे, गुन्हेगारांचे आणि आजाऱ्यांचे काय केले, हे त्यात स्पष्ट दिसते. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान तालुक्याच्या गावी बसून मी हे लिहीत आहे, आणि टोरोंटोचे ते वर्ष मला इथल्या कारभाराशी ताडून पाहता येते, हेही त्याबद्दलच्या आस्थेचे एक कारण आहे.

मॅकेंझी हा स्कॉटलंडमधील डंडी गावचा. जन्म 12 मार्च 1795. तो काही आठवड्यांचा असतानाच वडील गेले आणि आई एलिझाबेथने त्याला हलाखीत, पण कडक धार्मिक शिस्तीत वाढवले. वाचनाचे त्याला वेड होते. 1806 ते 1819 या काळात वाचलेल्या पुस्तकांची त्याने यादी ठेवली होती आणि तीत 958 पुस्तके आहेत. वाचणारी मुले पुष्कळ असतात. आपण काय वाचले याची एखाद्या दुकानाच्या खातेवहीसारखी नोंद ठेवणारा मुलगा विरळा. पुढे त्याची सारी पत्रकारिता या स्वभावातून उभी राहिली. सरकारी पैसा कोणाला, किती आणि कशासाठी मिळाला, हे तो आकड्यांनिशी छापत असे. स्वतःचा हिशेब मात्र त्याला फारसा जमला नाही. अलिथ या गावात त्याने दुकान आणि त्याला जोडून पुस्तके भाड्याने देण्याचे वाचनालय चालवले, ते बुडाले. तरुणपणी जुगाराचा नादही लागला होता. 1820 मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्याने जहाज पकडले आणि अपर कॅनडा गाठले. आजच्या ओंटारिओ प्रांताचा दक्षिण भाग तेव्हा या नावाने ओळखला जात होता. दोन वर्षांनी आई तिकडे आली, तिच्याबरोबर डंडीचीच इझाबेल बॅक्स्टर आली आणि 1 जुलै 1822 रोजी मॉन्ट्रियलमध्ये त्यांचे लग्न झाले. या दांपत्याला तेरा मुले झाली, त्यांतील अनेक लहानपणीच गेली. इझाबेलने त्या माणसाबरोबर जे सोसले, त्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवे.

तो ज्या वसाहतीत आला, तिथे जमीन हाच सत्तेचा पाया होता, म्हणून ती व्यवस्था जरा सविस्तर सांगते. मोजणी झालेल्या जमिनीचा सातवा हिस्सा 1791 च्या कायद्याने प्रोटेस्टंट पाद्र्यांच्या चरितार्थासाठी राखून ठेवलेला होता, आणि इंग्लंडच्या अधिकृत चर्चचे म्हणणे असे की, प्रोटेस्टंट म्हणजे केवळ आम्ही. हे राखीव तुकडे एका जागी नसून वसाहतकऱ्यांच्या शेतांमध्ये विखुरलेले होते. शेतकऱ्याने जंगल तोडून आपल्या हिश्शापुढचा रस्ता तयार करावा आणि शेजारच्या राखीव तुकड्याशी येऊन तो झाडोऱ्यात संपावा, असे जागोजागी होत असे. आमच्याकडे पांदण अडली की काय होते, ते ज्याच्या वावरात कापूस वेचून पडला आहे आणि बैलबंडी निघत नाही, त्यालाच कळते. तिकडे अख्ख्या वसाहतीची पांदण कायद्याने अडलेली होती.

वरची पदे, न्यायाधीशांच्या जागा, बँक आणि जमिनीची वाटणी हे सर्व काही मोजक्या घराण्यांच्या हाती होते. या गटाला ‘फॅमिली कॉम्पॅक्ट’ असे नाव पडले. जॉन स्ट्रॉन हा धर्मगुरू त्यांचा गुरू आणि जॉन बेव्हर्ली रॉबिन्सन हा त्याचाच शिष्य वसाहतीचा महाधिवक्ता. लोकांनी निवडलेली विधानसभा होती, पण तिच्या डोक्यावर नेमलेले वरिष्ठ सभागृह आणि लंडनहून आलेला लेफ्टनंट गव्हर्नर असल्यामुळे तिने केलेला ठराव अडवणे त्यांना सहज शक्य होते.

मॅकेंझीने 18 मे 1824 रोजी क्वीन्स्टन गावातून ‘कलोनियल अ‍ॅडव्होकेट’चा पहिला अंक काढला आणि त्याच वर्षी तो राजधानीच्या यॉर्क गावी आला. त्याची भाषा तिखट होती. कधी कधी ती असभ्यतेकडे झुकत असे आणि प्रतिष्ठितांच्या घराण्यांविषयी, त्यांच्या पूर्वजांविषयी त्याने जे लिहिले, त्यातील काही भाग मला आज वाचतानाही अनावश्यक वाटतो. पण वर्गणीदार वर्गणी बुडवत होते, देणी चढत होती, आणि 1826 च्या जूनमध्ये तर धनकोंना चुकवण्यासाठी तो नदीपलीकडे अमेरिकेतील लुइस्टन गावी जाऊन राहिला होता. वर्तमानपत्र बंद पडण्याच्या बेतात होते. त्याच वेळी, 8 जून 1826 रोजी, सॅम्युएल जार्विसच्या पुढाकाराने बड्या घरांतील पंधराएक तरुण त्याच्या छापखान्यात घुसले. त्यांनी छपाईयंत्र मोडले, जुळवलेली पाने उधळली आणि खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांच्या, पेट्या उचलून सरोवरात रित्या केल्या. दिवसाढवळ्या हे घडत असताना दंडाधिकारी असलेली माणसे जवळच उभी राहून पाहत होती.

माझ्या वडिलांचा खिळ्यांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, शाळांच्या प्रश्नपत्रिका, निवडणुकीची पत्रके असे काम चालत असे, आणि सुट्टीत आम्हा भावंडांना वापरलेले खिळे परत त्यांच्या घरांत टाकायला बसवत. एका पानाला किती खिळे लागतात, त्यांतील एखाद्या जोडाक्षराचा खिळा हरवला तर काम कसे खोळंबते, नवे खिळे आणायचे म्हणजे किती पैसे मोजावे लागतात, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून खिळे पाण्यात गेले हे वाक्य मला इतिहासातील एक किरकोळ घटना म्हणून वाचता येत नाही. यंत्र मोडले तर लोहार आणि सुतार ते पुन्हा उभे करू शकतात. खिळे गेले की छापणाऱ्याची वाचाच गेली.

हल्लेखोरांचा हिशेब मात्र चुकला. मॅकेंझीने दिवाणी दावा लावला आणि ज्युरीने त्याला 625 पौंडांची भरपाई दिली, जी झालेल्या नुकसानीपेक्षा बरीच अधिक होती. त्या पैशातून देणी फिटली, नवी सामग्री आली आणि दिवाळे निघण्याच्या मार्गावर असलेला एक चिडखोर संपादक लोकांचा नायक झाला. 1828 मध्ये यॉर्क परगण्यातून तो विधानसभेवर निवडून गेला. डिसेंबर 1831 मध्ये सभागृहाची बदनामी केल्याच्या आरोपावरून बहुमतवाल्यांनी त्याला बाहेर काढले. 2 जानेवारी 1832 रोजी पोटनिवडणूक झाली. मतदान तेव्हा उघड, तोंडी होत असे. 119 मते त्याला पडली आणि विरोधात एकच. लोकांनी त्याला सोन्याचे पदक दिले आणि बर्फावरच्या घसरगाड्यांची मिरवणूक काढली. सभागृहाने त्याला पुन्हा हाकलले, लोकांनी पुन्हा निवडले आणि हा प्रकार वारंवार होत राहिला. मधल्या काळात सह्यांचे अर्ज घेऊन तो लंडनलाही जाऊन आला.

6 मार्च 1834 रोजी यॉर्कला शहराचा दर्जा मिळाला आणि त्याचे नाव टोरोंटो झाले. वस्ती 9,000 च्या थोडी वर होती. आज महाराष्ट्रातील कितीतरी नगरपंचायती त्याहून मोठ्या आहेत. पाच प्रभाग, प्रत्येकातून दोन वरिष्ठ आणि दोन साधे सदस्य, अशी वीस जणांची नगरसभा होती आणि महापौर लोकांनी थेट निवडायचा नसून त्या सदस्यांनी आपल्यातून निवडायचा होता. गावाचे तोपर्यंतचे टोपणनाव ‘चिखलाचे यॉर्क’ असे होते. पहिल्या पावसानंतर काळ्या मातीच्या गावात राहणाऱ्या माणसाला ते नाव समजावून सांगायची गरज नाही.

मी या माणसाकडे वळले ते एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. तो एका दैनिकाचा तालुका वार्ताहर आहे. मानधन नाममात्र, पोळ्याच्या आणि दिवाळीच्या पुरवणीसाठी जाहिराती आणण्याचे काम मात्र त्याच्याच गळ्यात. तरीही नळयोजनेचे काम, घरकुलाच्या याद्या, पीकविम्याचे अडलेले पैसे यांवर त्याने नेमाने लिहिले आहे आणि त्यामुळे गावात त्याला मान आहे. आमची ग्रामपंचायत जाऊन तिथे नगरपंचायत आली त्याला काही वर्षे झाली. सतरा प्रभाग झाले, घरपट्टी वाढली, नाल्या मात्र पहिल्यासारख्याच तुंबतात, अशी लोकांची तक्रार आहे. येत्या निवडणुकीला उभे राहावे असा त्याला आग्रह होऊ लागला, तेव्हा तो घरी आला आणि म्हणाला, “मॅडम, उभा राहू का नोको राहू, तुमीच सांगा.” मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. मॅकेंझीच्या त्या वर्षाची गोष्ट सांगायला सुरुवात केली, आणि ती एका बैठकीत संपली नाही.

निवडणूक 27 मार्चला झाली. सेंट डेव्हिड प्रभागातून मॅकेंझी वरिष्ठ सदस्य म्हणून निवडून आला आणि सुधारकांना, म्हणजे फॅमिली कॉम्पॅक्टच्या विरोधकांना, बहुमत मिळाले. महापौरपदासाठी जॉन रॉल्फ या शांत, विद्वान, डॉक्टर आणि वकील अशा दोन्ही विद्या असलेल्या गृहस्थाचे नाव अनेकांच्या मनात होते. सुधारकांनी मॅकेंझीला पसंती दिली, कारण विधानसभेने वारंवार हाकललेल्या माणसाला राजधानीच्या गादीवर बसवणे हेच त्यांना मोठे उत्तर वाटत होते. रॉल्फने सदस्यत्वाचाच राजीनामा दिला. एखाद्याचा अपमान भरून काढण्यासाठी त्याला पद देणे आणि ते पद चालवायला योग्य माणूस शोधणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या मते त्या वर्षातील बराचसा घोळ इथेच सुरू झाला.

तिजोरी रिकामी होती आणि नव्या बाजाराच्या इमारतीचे कर्ज नगराच्या माथी आलेले होते. रस्ते, पायवाटा, सांडपाणी, सगळेच करायचे होते. मॅकेंझीच्या नगरसभेने कर वाढवला आणि किंग स्ट्रीटवर फळ्यांचे पदपथ घालायला घेतले. चिखलात रुतणाऱ्या गावासाठी कोरड्या पायाने चालण्याची सोय ही लहान गोष्ट नव्हती, आणि लाकूड तिथे मुबलक असल्यामुळे तो उपाय शहाणपणाचा होता. नगराची मुद्रा आणि चिन्हही त्यानेच ठरवले. त्यावरील ब्रीदवाक्यात उद्योग, बुद्धी आणि सचोटी हे तीन शब्द होते. पण कर वाढवणारा महापौर आणि कालपर्यंत प्रत्येक पैचा जाब विचारणारा संपादक एकच असल्यामुळे लोकांचा राग दुप्पट झाला. जुलैमध्ये बाजाराच्या इमारतीत कराविषयी जाहीर सभा झाली. विरोधकांची आणि समर्थकांची गर्दी इतकी झाली की वरच्या सज्जाचा भाग कोसळला आणि माणसे खाली खाटकांच्या दुकानांतील आकड्यांवर पडली. काही जण मेले, अनेक जण जबर जखमी झाले. तो अपघात कोणी घडवून आणलेला नव्हता, पण त्या सभेतील कटुता त्यानंतर कमी झाली नाही.

महापौराकडे तेव्हा न्यायदानाचेही काम असे आणि इथे मॅकेंझीचा मला सर्वांत न आवडणारा निर्णय येतो. एलन हाफपेनी नावाची एक गरीब बाई दारू पिऊन दंगा केल्याबद्दल त्याच्यापुढे आणली गेली. तिने न्यायासनावरच्या महापौराला शिवीगाळ केली आणि त्याने तिला खोड्यात अडकवण्याची शिक्षा दिली. चव्हाट्यावर लाकडी खोड्यात पाय अडकवून माणसाला लोकांच्या नजरेपुढे बसवायचे, ही शिक्षा त्या काळातही जुनाट आणि रानटी मानली जाऊ लागली होती. स्त्रीला ती देणे तर अधिकच. दुसऱ्या कोणा महापौराने हा हुकूम दिला असता, तर ‘कलोनियल अ‍ॅडव्होकेट’ने त्याला आठवडेच्या आठवडे सोडले नसते. विरोधी पत्रांनी हे प्रकरण लावून धरले, आणि माझ्या मते त्यांनी ते योग्यच केले.

माझा विद्यार्थी इथे थांबला आणि त्याने विचारले की, त्याच्या स्वतःच्या पत्रात त्याविषयी काय आले असेल. प्रश्न नेमका होता. मॅकेंझीने महापौर झाल्यावर वर्तमानपत्र सोडले नव्हते. एप्रिलपासून नोव्हेंबरच्या आरंभापर्यंत तो एकाच वेळी नगराचा प्रमुख आणि नगरातील सर्वांत आक्रमक पत्राचा मालक-संपादक होता. मे महिन्यात त्याने ब्रिटिश संसदेतील जहाल सदस्य जोसेफ ह्यूम याने त्याला लिहिलेले पत्र छापले. मातृदेशाच्या घातक वर्चस्वातून वसाहत मुक्त होण्याची वेळ जवळ येत आहे, अशा आशयाचे ते पत्र होते. एका संपादकाने ते छापणे हे धाडस ठरले असते. राजनिष्ठेची शपथ घेतलेल्या महापौराने छापल्यामुळे सारे शहर दुभंगले. नगरसभेत पदपथांऐवजी राजनिष्ठेवर वाद झडू लागले, आणि सुधारकांतील मवाळ मंडळीही त्याच्यापासून दूर सरकली. त्या पत्रातील विचार चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. परंतु ज्याच्या सहीने गावाचे पैसे खर्च व्हायचे आहेत, त्याला वीसच्या वीस सदस्यांशी रोज बोलावे लागते, आणि मॅकेंझीला विरोधकाशी बोलणे कधीच जमले नाही. तो त्यांना फक्त उत्तर देत असे.

त्याच उन्हाळ्यात कॉलरा आला. 1832 मध्ये स्थलांतरितांच्या जहाजांबरोबर तो एकदा येऊन गेला होता, दोन वर्षांनी तो पुन्हा शिरला आणि त्या एवढ्याशा शहरात शेकडो माणसे दगावली. रोग पाण्यातून पसरतो हे तेव्हा कोणालाही माहीत नव्हते. जॉन स्नो या डॉक्टरने लंडनमध्ये ते दाखवायला अजून वीस वर्षे होती. दूषित हवा हेच कारण समजले जाई. ज्यांना शक्य होते ती माणसे शहर सोडून गेली. आजाऱ्याला हात लावायला, रुग्णालयापर्यंत नेण्यासाठी गाडीत उचलून ठेवायला माणूस मिळेनासा झाला. तेव्हा महापौर स्वतः आजाऱ्यांना गाडीत घालून रुग्णालयात पोचवू लागला, आणि अखेर त्यालाही कॉलराने गाठले. तो वाचला.

आमच्या भागात गावोगावी वेशीवर मरीमायचे ठाणे आहे. पटकीने घरेच्या घरे रिकामी झाल्याच्या आठवणी माझ्या आजीने तिच्या आजीकडून ऐकलेल्या होत्या, आणि गावातील शहाणीसुरती माणसेही त्या दिवसांत दार लावून बसत, असे ती सांगायची. म्हणून मॅकेंझीच्या त्या गाडीला मी फार महत्त्व देते. कराच्या बाबतीत, न्यायाच्या बाबतीत, सहकाऱ्यांशी वागण्याच्या बाबतीत तो कमी पडला, हे मी वर लिहिलेच आहे. पण आजाऱ्यांच्या बाबतीत त्याने भाषण केले नाही, अग्रलेखही लिहून भागवले नाही. ज्या गरीब स्थलांतरितांच्या जोरावर तो निवडून आला होता, त्यांच्या अंगाला त्याने हात लावला. त्याच वर्षी एलन हाफपेनीला खोड्यात बसवणारा माणूसही हाच होता, आणि या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवूनच त्याच्याकडे पाहावे लागते.

नोव्हेंबर 1834 च्या आरंभी त्याने ‘कलोनियल अ‍ॅडव्होकेट’ बंद केले. मात्र ते नगरासाठी नव्हते. विधानसभेच्या नव्या सभागृहात सुधारकांचे बहुमत आले होते आणि त्याचे मन तिकडे लागले होते. जानेवारी 1835 च्या नगर निवडणुकीत तो त्याच प्रभागातून हरला आणि रॉबर्ट बाल्डविन सलिव्हन हा विरोधी गटाचा वकील महापौर झाला. विधानसभेत तक्रारींच्या चौकशी समितीचा अध्यक्ष म्हणून मॅकेंझीने 1835 मध्ये जो जाडजूड अहवाल तयार केला, तो त्याच्या आयुष्यातील सर्वोत्तम काम म्हणता येईल. नेमणुका, पगार, निवृत्तिवेतने, जमिनीचे व्यवहार, सारे त्यात मांडलेले आहे. कागदपत्रे आणि साक्षी यांच्यावर बसल्यावर या माणसाला तोड नव्हती.

1837 च्या बंडाविषयी मी थोडक्यातच लिहिते. 1836 च्या निवडणुकीत लेफ्टनंट गव्हर्नर फ्रान्सिस बाँड हेडने स्वतः प्रचारात उतरून सुधारकांना पाडले, मॅकेंझीचीही जागा गेली, आणि 4 जुलै 1836 रोजी, मुद्दाम अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, त्याने ‘कॉन्स्टिट्यूशन’ हे नवे पत्र सुरू केले. पुढच्या वर्षी पीक आणि पैसा दोन्हींची टंचाई झाली. डिसेंबर 1837 मध्ये शेकडो शेतकरी, काही बंदुका तर काही भाले घेऊन, शहराच्या उत्तरेकडील माँटगोमेरीच्या खानावळीपाशी जमले. तारखांचा गोंधळ झाला, नेतृत्वात एकवाक्यता राहिली नाही आणि 7 डिसेंबरला सरकारी फौजेपुढे ते अर्ध्या तासात मोडले. त्या वेळी शहराचा महापौर होता जॉर्ज गर्नेट. हाही स्थलांतरित, इंग्लंडहून आलेला, आणि हाही संपादक. त्याचे ‘कुरियर’ वर्षानुवर्षे मॅकेंझीच्या विरोधात लिहीत आले होते. एकाच लहान शहराला चार वर्षांत दोन स्थलांतरित संपादक महापौर म्हणून लाभले, आणि त्यांतील एक शहराच्या संरक्षणाला उभा असताना दुसरा त्यावर चालून आला, ही हकीकत मला फार विलक्षण वाटते. गर्नेट पुढे 1848 ते 1850 या काळात पुन्हा महापौर झाला. नगराच्या कामापुरते पाहिले तर टिकून काम करणारा संपादक तोच ठरतो, जरी त्याच्या राजकारणाविषयी मला मुळीच प्रेम नाही.

मॅकेंझीच्या शिरावर 1,000 पौंडांचे इनाम लागले. तो निसटून अमेरिकेत गेला. मागे राहिलेल्यांपैकी सॅम्युएल लाउंट आणि पीटर मॅथ्यूज यांना 12 एप्रिल 1838 रोजी टोरोंटोत फाशी दिले गेले. लाउंट हा लोहार, परिसरातील गरिबांचा आधार. त्याच्या दयेच्या अर्जावर हजारोंनी सह्या केल्या होत्या. या दोघांच्या मृत्यूची जबाबदारी सरकारची होती हे खरेच, तरी मोहिमेत क्षणोक्षणी बेत फिरवण्याच्या मॅकेंझीच्या वृत्तीचाही तिच्यात वाटा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना लेखणीने जागे केले, त्यांना सांभाळून नेण्याचे धैर्य आणि सबुरी त्याच्यात नव्हती.

अमेरिकेत तटस्थतेचा कायदा मोडल्याबद्दल त्याला अठरा महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यातील जवळजवळ वर्षभर त्याने रोचेस्टरच्या तुरुंगात काढले. डिसेंबर 1839 मध्ये आई वारली; तिची अंत्ययात्रा त्याने तुरुंगाच्या खिडकीतून पाहिली. तिथेही त्याचे पत्र चालूच होते. नंतर न्यूयॉर्कमध्ये वर्तमानपत्रांत पडेल ते काम करत त्याने वर्षे काढली. 1849 मध्ये सर्वांना माफी मिळाली, 1850 मध्ये तो टोरोंटोला परतला आणि पुढच्याच वर्षी हाल्डिमंड मतदारसंघातून विधानसभेवर निवडून आला. त्याने पाडले ते जॉर्ज ब्राउनला, म्हणजे पुन्हा स्कॉटलंडहून आलेल्या दुसऱ्या नामवंत संपादकाला. निवडून आलेल्या सभागृहाला मंत्रिमंडळाने जबाबदार असावे ही सुधारकांची मुख्य मागणी तोवर मान्य झालेली होती, आणि पाद्र्यांच्या राखीव जमिनीही 1854 मध्ये काढून घेण्यात आल्या. 1858 मध्ये त्याने राजीनामा दिला. मित्रांनी वर्गणी काढून त्याला बाँड स्ट्रीटवर घर घेऊन दिले. तिथेच 28 ऑगस्ट 1861 रोजी तो वारला. ते घर आज संग्रहालय आहे. विल्यम लायन मॅकेंझी किंग हा त्याच्या मुलीचा मुलगा पुढे एकवीस वर्षांहून अधिक काळ कॅनडाचा पंतप्रधान होता.

हे सगळे सांगून झाल्यावर मी माझ्या विद्यार्थ्याला माझे मत दिले. त्याने उभे राहावे. ज्याला नगरपंचायतीच्या अंदाजपत्रकातील शीर्षके वाचता येतात, ठेकेदाराचे देयक आणि प्रत्यक्ष काम यांतील फरक ज्याने मोजून पाहिला आहे, अशी माणसे सभागृहात हवीतच. मात्र अर्ज भरण्याच्या आधी त्याने वार्ताहराचे काम दुसऱ्याकडे सोपवावे, आणि ते सोपवताना आपला भाऊ किंवा आपला मित्र पाहू नये. उद्या आपल्याच प्रभागातील नाली तुंबली तर नाव घालून बातमी देईल असा माणूस पाहावा. मॅकेंझीने एप्रिलमध्येच पत्र सोडले असते, तर नगरसभा चालवण्याला त्याच्याकडे वेळ राहिला असता आणि ह्यूमच्या पत्रावरून सारे शहर दुभंगले नसते, असे मला वाटते. दुसरे असे की, निवडून आल्यावर पहिल्या महिन्यात विरोधी बाकावरच्या प्रत्येक सदस्याच्या घरी जाऊन त्याने चहा घ्यावा. यावर तो बराच वेळ गप्प बसला, कारण त्यातील एका घराविषयी त्याने मागच्या पावसाळ्यात मोठी बातमी दिली होती.

उभे राहायचे, असे त्याचे जवळजवळ ठरले आहे. तालुक्याची बातमी पुढे कोण देणार, हे मात्र अजून ठरायचे आहे. दोन नावे त्याच्या मनात आहेत. त्यांतील एक मुलगी माझ्याच शाळेत शिकलेली, माहितीच्या अधिकाराचे अर्ज स्वतः लिहिणारी आणि ग्रामसभेत उठून प्रश्न विचारणारी आहे, त्यामुळे मी तिच्या बाजूने बोलणार आहे.